माईंचा सांजदिवा

विझलेल्या तुपाच्या वातीचा वास आला की ठाण्यातला तो हॉल आठवतो. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास तिथे माझ्या सासूबाईंचं, माईंचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. तबकभर दिव्यांनी त्यांना ओवाळलं. मग पाहुणे त्यांच्या निष्ठेवर बोलत सुटले. माईंनी माझा पदर ओढला.

"अगं, दिवेलागण झाली. कोपरला घरी देव्हाऱ्यात बाळकृष्ण अंधारात असेल."

"इथे एवढे दिवे लावलेत की, माई."

"ते माझ्यापुढे. मी काय देव आहे?"

लग्नापासून त्यांचा सांजदिवा चुकला नव्हता. त्या निघायला उठल्या, तर टाळ्या पडल्या. दिरांनी प्रेमाने त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. माईंनी हात जोडले. लोकांना तो नम्रपणा वाटला. मी शेजारी होते, म्हणून ऐकू आलं, "घाबरू नकोस रे बाळा, येतेच."

तेव्हा मला हसू आलं. आता माई नाहीत. संध्याकाळी घराचं कुलूप काढताना आत अंधारात कुणीतरी वाट पाहतंय, असं वाटतं.