पत्रिकेतले 'पालनकर्ते'

आमच्या आदिलाबादकडे लग्नाची पत्रिका अर्धी मराठीत, अर्धी तेलुगूत छापतात. छापण्याआधी कच्चा कागद दोन्ही घरची मोठी माणसं बसून वाचतात, कारण एक नाव राहिलं तरी कुणीतरी जन्मभर रुसतं. माझ्या पत्रिकेचा कागद घेऊन नवऱ्या मुलाचे मामा तलमडुगुहून आले. सोबत मुलगाही होता.

बाबा चष्मा लावून वाचू लागले आणि मध्येच थांबले. आईबाबांच्या नावांआधी 'पालनकर्ते' असं छापलं होतं.

"लोकायले मांगून समजलं तं आमीच लपवलं म्हनतीन," मामा म्हणाले. "आन् शब्द तं मानाचाच आहे."

मी दीड महिन्याची असताना आईबाबांनी मला घरी आणलं. लपवायचं काय त्यात? पहिल्याच भेटीत बाबांनी मुलाकडच्यांना हे सांगितलं होतं.

मानाचा शब्द! पालनकर्ते म्हणजे नेमून दिलेलं काम करणारे. काम संपलं की मोकळे. मी वर्गात तोंड उघडत नाही म्हणून टीचरनी मला मंद म्हटलं, तेव्हा आई हिंदी-तेलुगूची खिचडी करत त्यांच्याशी भांडली होती. ते काय पालन होतं?

"राहू द्या," बाबा म्हणाले. "काय फरक पडते." आई चहाचे कप उचलून आत गेली. मुलगा मोबाइल बघत होता.

पाहुण्यांसमोर माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी फुटला. "मामा, तुमच्या बहिणीच्या नावाआधी काय छापलंय?"

"काऊन? काय छापायचं? थे आई आहे त्याची."

"मग इथंही काही नको."

"हे इंग्लिश मीडियमवाले!" मामा हसले. "यायले मराठी शब्दाचा मानच नाही समजत."

मी पेन घेतलं आणि तो शब्द खोडला. खालचा तेलुगू शब्दही खोडला. मग मुलाकडे बघून विचारलं, "तुम्हाला चालेल?"

त्याने मान वर केली. "मामाशी बोलून सांगतो."

मामा त्याच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

"सांगू नका. ही पत्रिका आता छापायचीच नाही," मी म्हटलं, आणि कागद त्यांना परत दिला नाही.