परबकाका आणि हरलेली फायनल

नारळात पाणी किती आहे ते बघायला आपण तो कानाशी धरून हलवतो ना, तसे परबकाका मॅचआधी प्रत्येकाचं हेल्मेट घातलेलं डोकं दोन्ही हातांत धरून हलवायचे. हेल्मेट जरा जरी सैल वाटलं तरी पट्टा पुन्हा आवळायचे. "टोप बदलूक गावतलो. डोक्या खंय गावतला?" हे मालवणी वाक्य त्यांनी इजिप्तच्या, लेबननच्या पोरांनाही ऐकवलं होतं. हेल्मेट बदलून मिळेल, डोकं कुठे मिळणार, हा अर्थ फक्त मला कळायचा, पण मान सगळे खाली घालायचे.

यूएईतल्या अल ऐनच्या आमच्या कॉलेजात तेव्हा नुकतीच अमेरिकन फुटबॉलची टीम निघाली होती. लांबट चेंडू, खांद्यांवर चिलखत आणि सरळ अंगावर धावून जाणं. त्या सगळ्या सामानाची देखभाल वेंगुर्ल्याच्या परबकाकांकडे होती. माझं घर दुबईत, अल मनखूलला. हॉस्टेलवर मराठी बोलायला तेवढे तेच. घामट जर्सी वाळत घालता घालता विचारायचे, "जेवलंस मा?"

त्या सीझनला आम्ही पहिल्या तिन्ही मॅचेस हरलो. मग काय झालं कोण जाणे, जिंकतच सुटलो. सेमीफायनल उम्म अल कुवैनला होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकाचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळलं आणि डोळ्यांसमोर पांढरं झालं. मी उठलो, खेळलो, आम्ही जिंकलो. कुणाला काही बोललो नाही.

बसपाशी काका हेल्मेट गोळा करत होते. माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तुझो नंबर काय रे?"

मी शाळेतल्या जुन्या जर्सीचा नंबर सांगितला; अंगातल्या जर्सीवर दुसराच होता.

ते तडक कोचकडे गेले. "सर, इसका दिमाग हिल गया है. खलास, इसको मत खिलाओ."

कोचने मला फायनलमधून काढलं आणि डॉक्टरकडे जायला सांगितलं. मी हो म्हणालो आणि गेलोच नाही. फायनलला बाकावर बसलो. शेवटच्या मिनिटाला, मी जिथे उभा असायचो त्याच जागेतून समोरच्या टीमचा खेळाडू चेंडू घेऊन पळाला आणि आम्ही हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये काका वाकून सामान उचलत होते. सगळ्यांना कळावं म्हणून मी मुद्दाम, तिथे सगळ्यांनाच थोडीफार कळणाऱ्या हिंदीत ओरडलो, "कपडे धोनेवाला आदमी डॉक्टर बन गया! इसकी वजह से हारे हम!"

त्यांनी वर पाहिलं नाही. माझ्या पायाजवळची जर्सी उचलली, घडी केली आणि पिशवीत टाकली.

सुट्टीत घरी आलो तरी डोकं दुखायचं थांबेना, तेव्हा आठवड्याने बाबांनी मला दुबईत डॉक्टरकडे नेलं. मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता. "फायनल खेळला असतास तर आज माझ्यासमोर बसला नसतास," डॉक्टर म्हणाले.

काकांना भेटायचं होतं. पण कोणत्या तोंडाने जाऊ? सुट्टी संपली की जाऊ, म्हणत राहिलो. सुट्टी संपली तोवर कॉलेजने टीमच बंद केली होती. काकांचा व्हिसा रद्द होऊन ते गावी गेले होते आणि त्यांचा इथला नंबर बंद झाला होता. बरं झालं, असंही मला क्षणभर वाटलं. ते आज लिहिताना लाज वाटते.

गेल्या वर्षी वेंगुर्ल्याच्या एका सहकाऱ्याकडून त्यांच्या घरचा नंबर मिळाला. फोन काकींनी उचलला. अल ऐनच्या कॉलेजातून काकांना ओळखतो, असं मी सांगितलं. काका जाऊन दोन वर्षं झाली होती.

"तुम्ही त्या फुटबॉलातले काय?" काकी म्हणाल्या. "तां त्येंच्या मनाक लय लागलेला. सारखे म्हणत, माझ्यापायी पोरांची मॅच गेली."

मी मग एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, काका होते म्हणून मी जिवंत आहे हेही सांगितलं.

काकी मग अगदी हळू म्हणाल्या, "ह्यां त्येंका सांगूक होयां होतां."