रॉयमानप्लात्झच्या बाकावर

आमच्या बोरी बुद्रुकला ओढ्याकाठी एक चिंच होती. दिवेलागणीनंतर तिच्याखालून कुणी जात नसे. मी मुद्दाम तिथूनच जायचे. पुढे बी.एस्सी. झाले, लग्नाआधी नारायणगावला शाळेत सायन्स शिकवलं. हे सांगते ते एवढ्याचसाठी, की पुढची गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मी ती हसून सोडून दिली असती.

२००४ च्या सुमाराची गोष्ट. मिस्टरांच्या प्रोजेक्टमुळे आम्ही व्हिएन्नात राहत होतो. मुलगी सई साडेचार वर्षांची. गाडी नव्हती, पण तिथं तिची गरजही नव्हती... जमिनीखालून यू-बान, म्हणजे मेट्रो, आणि वर ट्राम. कार्ल्सप्लात्झ हे त्यातलं मोठं जंक्शन. तीन लाइनी तिथं एकमेकींना मिळतात, आणि एका लाइनीवरून दुसरीवर जायला लांबलचक बोळ, सरकते जिने. मला तिथं नेहमीच धास्ती वाटायची.

त्या दिवशी सकाळी सईला लस द्यायला न्यायचं होतं. कार्ल्सप्लात्झला उतरून आम्ही लाल लाइनीच्या प्लॅटफॉर्मवर आलो. गाडी उभीच होती. सई माझा हात सोडवून पुढे पळाली, आत चढली—आणि दार लागलं.

त्या जुन्या गाड्यांच्या दाराला हँडल असायचं. मी ते दोन्ही हातांनी ओढलं. उघडलं नाही. काचेपलीकडे सई माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. मग गाडी बोगद्यात गेली.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. शेजारची एक बाई तुटक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "पुढच्या स्टेशनवर उतरवतील तिला." मी मागच्या गाडीनं पुढच्या स्टेशनवर उतरले. प्लॅटफॉर्म रिकामा. त्याच्या पुढचं स्टेशन रेल्वेला जोडलेलं, तिथं ही गर्दी... माणसांच्या पायांमधून मी सईचा लाल स्वेटर शोधत होते. तिथंही नाही. प्रत्येक वेळी पुढची गाडी येईपर्यंत मी बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचे. ती मधेच उतरली असेल तर? कुणी हात धरून वर रस्त्यावर नेली असेल तर?

शेवटचं स्टेशन रॉयमानप्लात्झ. तिथं गाडी रिकामी करतात.

सई तिथं बाकावर बसली होती. एकटी. पाय हलवत.

मी तिला छातीशी धरलं तर म्हणते, "आई, दाबू नको ना."

"कुणी उतरवलं तुला?"

"बोरीच्या आजोबांनी. ते म्हणाले, हितंच बसायचं, हलायचं न्हाई. आई येतीय मागल्या गाडीनं."

बोरीचे आजोबा म्हणजे माझे वडील, आण्णा. पुण्याच्या पलीकडे ते कधी गेलेले नव्हते. सईनं त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. आणि 'हितं', 'न्हाई' असं व्हिएन्नातल्या आमच्या घरात कुणीच बोलत नसे.

तिथं झाडणारी एक बाई होती. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी तिला विचारलं. म्हणाली, "म्हातारे गृहस्थ होते, आत्ताच वर गेले." आणि डोक्यावर हात ठेवून तिनं टोपीची खूण केली. सईला कडेवर घेऊन मी धावत वर गेले. वर चौक, ट्रामा, माणसं. टोपीवाला कुणी नव्हता.

संध्याकाळी मिस्टर म्हणाले, "अगं, इथं पेपर विकणारे कितीतरी आपल्याकडचे असतात. असेल एखादा." मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

दुसऱ्या दिवशी बोरीला फोन लावला. आईला मी यातलं काहीच सांगणार नव्हते. तीच म्हणाली, "तुझ्या बापाचं काल काय बिघडलं व्हतं, कळंना बाई. भरल्या ताटावरनं उठले. म्हणले, पोर चुकलीया स्टँडवर, बघून येतो. नारायणगावच्या यष्टी स्टँडात जाऊन बसले. शेजारच्यानी गाडीवर घालून आणलं, तर नुसतं हुडहुडत व्हते. उन्हाळ्याच्या दिसात."

आमच्याकडे सकाळ होती तेव्हा तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ.

मी म्हटलं, "आण्णांना दे."

आण्णा फोनवर आले. फोनवर ते नेहमीच कमी बोलायचे. "सापडली न्हवं?" एवढंच विचारलं.

"सापडली. आण्णा, तुम्हाला कसं..."

"मला काय ठावं. मी स्टँडात बसलो व्हतो." मग म्हणाले, "सईच्या पल्याड आनखी एक बारकी पोर बसली व्हती बघ. लई रडत व्हती. तिला न्ह्यायला कोन आलं का?"

त्या बाकावर मी फक्त सईला पाहिलं होतं. शपथेवर सांगते.

आज आण्णा नाहीत. सई कॉलेजात आहे, तिला यातलं काहीही आठवत नाही. मिस्टर आता पेपरवाल्याचा विषय काढत नाहीत.

त्या दिवशी फोनवर मी म्हटलं, "हो आण्णा. तिची आई आली होती."

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.