वन्संचं कुलूप

आज सकाळी पाण्याचा पंप घरघर करून बंद पडला. मी मुलाला मिस्त्रीला बोलवायला सांगणार होते, पण वन्सं राहायला आलेल्या असताना मिस्त्रीचं नाव कोण काढणार? केस पार पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, तरी बाह्या सारून उठल्याच. आधी विजेच्या पेटीपाशी गेल्या. खटका खाली ओढला, त्यात आपलं लाल कुलूप अडकवलं, किल्ली खिशात टाकली आणि मगच पंपाला हात लावला.

मुलगा हसायला लागला. "आत्या, घरात माणसं किती, आपण तिघं. खटका वर कोण करणार आहे?"

"तूच," वन्सं म्हणाल्या. "जन्माला यायच्या आधीपासून तू माझ्या कुलपाच्या मागे लागलायस."

ही गोष्ट त्याला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. देवाचं आटोपल्यावर मनात आलं, एकदा सलग लिहून ठेवावी.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं तांत्रिक शाळेत यंत्रदुरुस्ती शिकत होत्या. कारखान्यातलं यंत्र बिघडलं की ते उघडायचं, साफ करायचं, झिजलेला भाग बदलायचा आणि पुन्हा धडधडतं करून द्यायचं, हे ते शिक्षण. वर्गात मुलगी ही एकटीच. सासूबाईंचा विरोध नव्हता, कुरकुर मात्र होती. शिवण शिकली असती तर घरातले कपडे तरी शिवून झाले असते, हिच्या विद्येचा मला काय उपयोग, मला कुठे बेअरिंग आहेत, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. वन्सं म्हणायच्या, "गुडघ्यात आहेत की आई. बस अशी, ग्रीस भरते."

पहिले कितीतरी महिने त्यांना यंत्राला हात लावू दिला नव्हता. नुसता लोखंडाचा ठोकळा कानशीने घासायचा. सगळ्या बाजू सपाट, सगळे कोपरे काटकोनात. वन्सं तो ठोकळा घरी घेऊन यायच्या आणि मला खिडकीपाशी उभं करायच्या. ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या टेकवून उजेडात धरायचा आणि मधल्या फटीतून प्रकाश दिसतो का ते मी सांगायचं. मी नवी नवरी, खोटं बोलून मन राखावं असं वाटायचं, पण प्रकाश दिसायचाच. केसाएवढा. "दिसतो हो थोडासा," म्हटलं की त्या सुस्कारा टाकून पुन्हा घासायला बसायच्या. घरभर लोखंडाचा कीस. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायी एक दिवस आपल्याला गंज चढणार. ज्या दिवशी फटीतून काहीच दिसलं नाही त्या दिवशी वन्संनी तो ठोकळा माझ्या हातात ठेवला. आजही तो देवापाशी आहे. पंख्याच्या वाऱ्याने स्तोत्रांच्या पुस्तकाची पानं उडतात, त्यावर ठेवायला बरा पडतो.

शिकवणारे मास्तर सडसडीत, कमी बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एकेक लाल कुलूप दिलं होतं. यंत्रात शिरण्याआधी त्याचा खटका बंद करून त्यात आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. कुलूप आहे तोवर आत माणूस आहे, असं सगळ्यांनी धरून चालायचं. आणि ज्याचं कुलूप त्यानेच ते काढायचं. दुसऱ्याने हातही लावायचा नाही. मुलांनी त्यांचं नाव कुलूपमास्तर ठेवलं होतं. कुलूपमास्तर घरी गेल्यावर ताटावर बसायच्या आधी चुलीलाही कुलूप घालतात, असं म्हणून ती पोरं हसायची. वन्सं घरी येऊन त्यांच्या नकला करायच्या, आणि मग हळूच सांगायच्या की मास्तरांच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. कशी गेली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

शेवटच्या वर्षी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम करायचं होतं. तिथले मॅनेजर मुलीला घ्यायला तयार नव्हते. मास्तरांनी शब्द टाकला तेव्हा ते कबूल झाले, पण वन्संच्या तोंडावर बजावलं की पहिली चूक झाली की घरी. घरी म्हणजे प्रमाणपत्रही नाही, इतकी वर्षं कानस घासली ती पाण्यात. वन्सं रोज जाताना मला म्हणायच्या, "वहिनी, तू देवापुढे बसतेस ना, माझ्या पान्यांसाठी पण एखादा शब्द टाक." मी टाकत असे.

माझे दिवस भरत आले होते, आणि एका दुपारी पोट दुखायला लागलं. हे परगावी गेले होते. सासूबाई मला घेऊन दवाखान्यात आल्या आणि शेजाऱ्यांकडून कारखान्यात फोन करवला. वन्सं तेव्हा खोकी कापायच्या मोठ्या यंत्राच्या पोटात आडव्या पडून रूळ साफ करत होत्या. कामाची पाळी संपत आली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने येऊन हाक मारली की वहिनींना दवाखान्यात नेलंय. वन्सं तशाच बाहेर आल्या आणि धावत सुटल्या. पहारेकरीही आपली पाळी संपवून घरी गेला.

दवाखान्यात येऊन त्यांनी माझा हात धरला. नर्स ओरडली, आधी तो कामाचा तेलकट कोट काढा. कोट काढताना खिशातून किल्ली फरशीवर पडली. तो आवाज मला अजून आठवतो. वन्संच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"वहिनी, माझं कुलूप तिथेच राहिलं."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं की कुलूप तिथे म्हणजे यंत्र बंद, आणि यंत्र बंद म्हणजे सगळा कारखाना खोळंबलेला. फोन लावून पाहिला, लागेना. त्या दारापर्यंत जायच्या आणि माझ्याकडे बघून परत यायच्या. मी कळा सोसत म्हटलं, "वन्सं, मी इथून कुठे पळून जाणार आहे? तुम्ही जा." सासूबाई म्हणाल्या, "जा गं बये. तू इथे राहून काय करणार आहेस, पाना लावणार आहेस?"

पुढचं त्यांनीच नंतर सांगितलेलं. कारखान्यात शांतता. माणसं खोक्यांच्या गठ्ठ्यांवर बसलेली. मॅनेजर येरझाऱ्या घालतायत, एकजण कुलूप कापायची मोठी कात्री घेऊन उभा. मुलांचं काम बघायला तिथे आलेले मास्तर कुलूप कापू द्यायला तयार नव्हते, कारण यंत्राच्या आत वन्संच्या बॅटरीचा उजेड दिसत होता. ती मुलगी बाहेर पडताना कोणी पाहिली का, असं त्यांनी एकेकाला विचारलं. एकालाही सांगता येईना. मग तिला शोधायला ते स्वतःच आत शिरले होते.

वन्संनी खटक्याकडे पाहिलं तर तिथे दोन कुलपं लटकत होती. एक त्यांचं आणि शेजारी मास्तरांचं.

आतून हाका ऐकू येत होत्या. मास्तर त्यांना नावाने हाका मारत होते, तोवर त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती. वन्सं यंत्रापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि वाकून म्हणाल्या, "सर, मी इथे आहे. बाहेर."

आतला आवाज थांबला. बऱ्याच वेळाने मास्तर सरपटत बाहेर आले. केसांत कागदाचा भुसा, कपाळावर खरचटलेलं. ते रागावले नाहीत. फक्त त्यांची किल्ली काही केल्या कुलपाला लागेना.

मॅनेजर म्हणाले, उद्यापासून ही मुलगी नको.

मास्तर म्हणाले, "ती लावायला विसरली असती तर मीच तिला घरी पाठवलं असतं. ती काढायला विसरली. तुमची खोकी अडली, एवढंच झालं."

मॅनेजरांनी कात्रीवाल्याला परत पाठवलं. मग म्हणाले, राहू दे, पण शिक्षा हवी. मास्तरांनीच शिक्षा सुचवली. कारखान्यातलं शिक्षण संपेपर्यंत रोज सुटीच्या वेळी वन्संनी फाटकावर उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, कुलूप काढलं का?

त्या परत आल्या तेव्हा बाळ जन्मलं होतं. नखांतलं काळं जाईना म्हणून बाळाला हात लावेनात. सासूबाई म्हणाल्या, "घे गं. नाहीतरी उद्यापासून त्याला तेलच लावायचंय."

पुढे प्रमाणपत्र मिळालं. त्याच कारखान्यात नोकरीही लागली. मग त्याच शाळेत त्या शिकवायला गेल्या आणि दरवर्षी नव्या पोरांच्या हातात लाल कुलपं ठेवत राहिल्या. शिक्षा कधीच संपली होती, पण फाटकावर विचारायची रीत कारखान्यात तशीच राहिली म्हणे. मास्तर आता नाहीत. मी त्यांना एकदाही पाहिलं नाही, तरी सकाळी देवापुढे घरच्यांसाठी मागणं मागून झालं की पाठोपाठ त्यांच्यासाठीही मागते. आत शिरून कोणाला तरी शोधणारा माणूस देवाच्या जवळच असणार.

हे लिहीपर्यंत दुपार झाली. पंप वन्संनी मघाच दुरुस्त केला, चालू जेवणानंतर करू म्हणाल्या, मग जेवून आडव्या झाल्या आणि त्यांना गाढ झोप लागली. मुलगा नळ सोडायला गेला तर पाणी नाही. पेटीला कुलूप तसंच. तो दबक्या आवाजात म्हणाला, "आई, किल्ली त्यांच्या खिशातच आहे. काढू हळूच? त्या तर समोर झोपल्यात, आत कोणी नाही."

मी नको म्हटलं. भांडी पडून राहिली, त्याची अंघोळ राहिली. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो आणि वन्सं लहान मुलीसारख्या घोरत होत्या.

ऊन भिंतीवरून उतरल्यावर त्यांनी डोळे उघडले. मी विचारलं, "वन्सं, कुलूप काढलं का?"

त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. क्षणभर तोच, दवाखान्यातला चेहरा. मग आम्हा दोघांकडे, सुक्या नळाकडे बघून त्या हसायला लागल्या, आणि गुडघा धरत, किल्ली शोधत पेटीकडे निघाल्या.