पास झालेले गणपतराव आणि नापास झालेला मी

मी पट्ट्यावर पळत होतो आणि स्क्रीनवर माझ्याच ईसीजीची रेघ खाली बसत चालली होती.

"थांबवा!" ओरडणारा मीच.

हदगावातल्या माझ्या दवाखान्यात टीएमटी मशीनचं उद्घाटन होतं. टीएमटी म्हणजे माणसाला सरकत्या पट्ट्यावर चालवायचं, वेग आणि चढ वाढवत न्यायचा आणि हृदयावर ताण आल्यावर ईसीजी बदलतो का ते बघायचं. रक्तवाहिनीत अडथळा असला की बहुतेकदा रेघेचा एक तुकडा खाली जातो. माझा गेला होता. भरल्या दवाखान्यात!

पहिला मान घरमालक गणपतरावांचा झाला होता. साठीचे, शुगर असलेले, बियाण्यांचे दुकानदार. दांडा घट्ट धरून ते थोडं चालले आणि म्हणाले, "बस डॉक्टर, गुडघे बोलून राहिले." रेघ स्वच्छ होती. मी झोकात 'निगेटिव्ह' लिहिलं आणि जाहीर केलं, "भाऊ पास!" टाळ्या पडल्या. मग हौस म्हणून मी स्वतः चढलो आणि पळता पळता लोकांना मशीनचे गुणही सांगत होतो.

आता मी टेबलावर आडवा. बायकोला फोन लावून शक्य तितक्या धीरगंभीर आवाजात म्हणालो, "मुलांकडे बघ."

"बघूनच राहिले," ती म्हणाली, "एक जण अभ्यास करत न्हाई."

मग नांदेडच्या मॅडमना फोन केला. त्या हृदयरोगतज्ज्ञ, माझ्या सिनिअर. मशीन बरोबर चाललंय का बघायला त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी ग्राफही मागितला. मी माझा आणि गणपतरावांचा, दोन्ही पाठवले.

"छातीत दुखतं तुझ्या?"

"नाही."

"दम लागतो?"

"नाही. रोज बॅडमिंटन खेळतो."

"पळण्याआधी काय खाल्लंस?"

"पेढे. आणि भजी."

"किती?"

"मॅडम, उद्घाटन होतं."

"भरल्या पोटी, भाषण देत, धापा टाकत पळालास. अशानेही रेघ खाली जाते. सावकाश ये, हृदयाच्या वाहिन्यांचा सीटी स्कॅन करून खात्री करू. पण हा दुसरा कोण? ठरलेल्या ठोक्यांपर्यंत पोचलाच नाही की हा!"

वयाप्रमाणे ठोके एका हद्दीपर्यंत न्यावे लागतात. त्याआधी थांबलं तर टेस्ट अपुरी. निगेटिव्ह नव्हे.

"तो परीक्षेला बसलाच नाही आणि तू पास करून मोकळा! रोज चालताना काय होतं त्याला?"

मी खिडकीतून पाहिलं. गणपतराव पेढ्यांचा पुडा घेऊन घरी निघाले होते. पानटपरीपाशी थांबले. एक हात छातीवर, गप्पा सुरू. मग टेलरपाशी थांबले. पुन्हा गप्पा. ते रोज असेच थांबत जातात. सगळा चौक म्हणतो, भाऊ लई बोलके. मीही म्हणायचो.

उघडा शर्ट आणि छातीला लोंबणाऱ्या वायरी, तसाच रस्त्यावर पळालो.

"भाऊ, इथं का थांबलात?"

"चार माणसायशी बोलाव लागते."

"खरं सांगा!"

ते टेलरकडे बघून हळूच म्हणाले, "छातीत आवळल्यावानी होते. जरा थांबलं की जाते. गॅस हाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं? आल्या आल्या पट्ट्यावर चढवलं."

मी त्यांना तिथूनच गाडीत घातलं. नांदेडपर्यंत त्यांचा एकच हेका: "पण मी पास झालो नं? नापास तर तुम्ही झाले!"

अँजिओग्राफीत दिसलं: हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी वाहिनी सुरुवातीलाच जवळजवळ बंद. मॅडमनी त्याच दिवशी स्टेंट बसवला. माझी सीटी पुढे झाली. वाहिन्या साफ, पोट सुटलेलं.

म्हणजे मशीनने बऱ्या माणसाला आजारी ठरवलं आणि आजाऱ्याला मी बरा ठरवलं. टेस्ट हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. काहीच तक्रार नसलेल्या माणसाची पॉझिटिव्ह टेस्ट बऱ्याचदा खोटी निघते. चालताना छाती आवळणाऱ्याची निगेटिव्ह टेस्ट धीर देत नाही. आधी विचारायचं, मग पट्टा सुरू करायचा. एवढं कळायला मला भर रस्त्यात उघडं पळावं लागलं.

गणपतराव आता दुकान ते घर एका दमात जातात. परवा पानटपरीवाल्याने माझ्याकडे तक्रार केली, "डॉक्टर, तुम्ही काय केलं भाऊला? लई घमेंड आली. थांबतच न्हाई."