गाण्यावरचा शिक्का

कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात काचेच्या काउंटरमागे जी बाई बसायची, तिला सगळा बाजार ताई म्हणायचा. तिच्याहून कितीतरी मोठी, दात पडलेली माणसंही ताईच म्हणायची. नवरा आत, डोळ्याला भिंग लावून, फुटक्या फोनच्या पोटात डोकं घालून बसलेला. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं, गिऱ्हाइकाशी भांडणं आणि गाणी भरणं ही तिन्ही खाती ताईकडे.

गाणी भरणं म्हणजे माणूस फोनच्या पाठीतून नखाएवढं मेमरी कार्ड काढून काउंटरवर ठेवणार आणि म्हणणार, “ताई, भरून द्या.” काय भरायचं ते ती बहुतेकदा तोंडाकडे बघून ठरवायची. लग्न ठरलेल्याला काय द्यायचं आणि लग्न मोडलेल्याला काय, हे तिला पाठ होतं. तसं बघायला गेलं तर दोघांना पुष्कळदा तीच गाणी चालायची.

ही गाणी नेटवरून उतरवलेली असायची. फुकट. चोरीची म्हणायची तर म्हणा. बाजारात तसं कुणी म्हणत नव्हतं. ज्यांची गाणी होती ते लोक लांब कुठेतरी मोठ्या घरात राहणारे, त्यांना एवढ्याशा दुकानाने काय फरक पडणार, असं ताईचं मत होतं. आणि ते मत तिने कधी उलटसुलट करून बघितलं नव्हतं.

तिला राग यायचा तो दुसऱ्याच चोरीचा. मागच्या गल्लीतला दुकानदार ओळखीच्या पोराला गिऱ्हाईक बनवून पाठवायचा, ताईकडून कार्ड भरून घ्यायचा आणि तिचा अख्खा साठा आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायचा.

“आपण डोळे फोडून जमवायचं आणि त्या मेल्याने आयतं न्यायचं!” ताई कडाडायची. “लाज कशी वाटत नाही दुसऱ्याची गाणी चोरायला?”

हे ती अगदी गंभीरपणे बोलायची. नवऱ्याने भिंगातून तिच्याकडे एकदा पाहिलं, पण संसारात काही गोष्टी बोलायच्या नसतात हे तो शिकला होता. त्याऐवजी त्याने उपाय काढला. ताईच्या आवाजात एक ओळ रेकॉर्ड केली: “कोपऱ्यावरचं दुकान, गाणी मिळतील छान!” आणि कॉम्प्युटरला अशी सोय करून दिली, की साठ्यात नवं गाणं टाकलं रे टाकलं की ही ओळ आपोआप त्याच्या सुरुवातीवर चढायची. त्या ओळीला तो शिक्का म्हणायचा. आता मागच्या गल्लीतल्याने कितीही चोरलं तरी त्याच्या गिऱ्हाइकाच्या कानात ताईच बोलणार. ताई त्या दिवशी फार खूश होती. पुढे मात्र तिला त्या ओळीचा विसरच पडला. स्वतःच्या घराचा वास जसा आपल्याला येत नाही, तसा तिला स्वतःचा तो आवाज ऐकू येईनासा झाला.

ताईचा भाऊ तिच्याहून बराच लहान. शेंडेफळ, घरात सगळे त्याला धाकट्याच म्हणत. वडील लवकर गेले. आईने लोकांचे कपडे शिवून दोघांना वाढवलं, म्हणजे आई मशीनवर आणि धाकटा ताईच्या कडेवर. आईचं ते पायाचं मशीन दिवसभर खडखडायचं. दोरा तुटला की थांबायचं, आई दोरा ओवून होईपर्यंत घरात शांतता, की पुन्हा सुरू. धाकट्याला लहानपणी त्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. रविवारी मशीन बंद, तर हा रडून घर डोक्यावर घ्यायचा.

मोठा होऊन त्याने बँड काढला. चौघंजण. नाव ‘गळका नळ’.

“नाव तरी धड ठेवायचं,” आई म्हणाली.

“तुझ्या सुनेला आवडेल,” ताई म्हणाली. “म्हणजे मिळाली तर.”

पण धाकटा चांगलं गायचा. स्वतः लिहायचा, स्वतः चाली लावायचा. एका कचेरीत दिवसभर लोकांचे फोन घ्यायचा आणि उरलेल्या वेळात आईच्या मागच्या खोलीत चिंध्यांच्या गाठोड्यांवर बसून चौघं वाजवत बसायचे. दोन वर्षं खपून त्यांनी सहा गाणी तयार केली. त्यातलं एक आईवर होतं, ‘उलटी टीप’. सुरुवातीला नुसतं मशीन. थोडा वेळ चालतं, दोरा तुटतो, थांबतं. मग त्या शांततेत धाकट्याचा आवाज येतो आणि त्याच्या पाठोपाठ ड्रमवाला अगदी त्याच मशीनच्या चालीवर वाजवायला लागतो. ते रेकॉर्ड करायला माईक घेऊन घरी आले तेव्हा आई ठेवणीतले कपडे घालून मशीनवर बसली.

“आई, आवाजात कपडे दिसत नाहीत गं,” धाकटा म्हणाला.

“मला दिसतात ना,” आई म्हणाली आणि तिने पाय मारला.

गाणी नेटवर विकायला ठेवली. विकत घेतली ती ड्रमवाल्याच्या मामाने, धाकट्याच्या कचेरीतल्या दोघाचौघांनी आणि ताईने. पुढे आकडा हलेना. धाकटा दुकानात येऊन तोंड पाडून बसायला लागला.

“अरे, लोकांनी ऐकलंच नाही तर घेतील कशाला?” ताई म्हणाली. “मला दे. मी प्रत्येक कार्डात सगळ्यात आधी तुझी गाणी भरते. बघ महिन्याभरात.”

“फुकट?”

“मग काय, फोनबरोबर काच विकतो तसं विकू?”

“ताई, तू लोकांना फुकट्या केलंयस. तू आणि तुझ्यासारखी सगळी दुकानं. म्हणून माझ्यासारख्याला कुणी विचारत नाही.”

“मी नसते तर तुझ्या दारात रांग लागली असती, नाही?” ताई फटकन म्हणाली. म्हटल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला.

तो उठून गेला. चार दिवसांनी परत आला, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि काउंटरवर टाकला. “कर तुला काय करायचं ते.”

ताईने तेव्हाच, त्याच्या डोळ्यांदेखत, गाणी साठ्यात टाकली. दुकानात गर्दी होती. ऐकून बघायला वेळ कुणाला होता? आणि ऐकायचं तरी कशाला, तिला ती पाठ होती.

ताईने शब्द पाळला. येईल त्या कार्डात पहिलं गाणं ‘उलटी टीप’. कुणाला आवडेल, कुणाला नाही, याची तिने फिकीर केली नाही. आणि बघता बघता ते गाणं चाललं. आधी रिक्षांत, मग न्हाव्याच्या दुकानात, मग व्यायामशाळेत. ओळखीची माणसं मुद्दाम थांबून सांगायला लागली. ताईला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. ती धाकट्याला फोन करकरून सांगायची, “आज भाजीवाल्याकडे वाजत होतं! मी सांगितलं, माझा भाऊ आहे म्हणून. तर म्हणतो, ताई, मस्करी करता काय!”

हे शेवटचं तिला तेव्हा विनोदी वाटलं होतं.

एका सकाळी धाकटा दुकानात शिरला तो अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन. गळ्यात न्हाव्याचा टॉवेल तसाच.

“ताई, काय केलंस तू?”

“अरे, हे काय सोंग?”

“गाणं लाव. आत्ता लाव.”

तिने लावलं. “कोपऱ्यावरचं दुकान, गाणी मिळतील छान!” तिचाच आवाज, दुकानातला, गिऱ्हाइकी, खणखणीत. मशीन त्याच्याखाली पार दबून गेलेलं. ओळ संपली तेव्हा दोरा तुटलेला होता आणि धाकटा गायला लागला होता.

तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावायला हात गेला, तो धाकट्याने धरला.

“पुरे. न्हावी मला सांगत होता, हे गाणं म्हणे त्या कोपऱ्यावरच्या ताईंनी जाहिरातीसाठी करून घेतलंय. कोण तरी पोरगा गायलाय म्हणे. बरा गायलाय.”

“काढून टाकते. आत्ता काढते. साधं तर आहे.”

“लोकांच्या खिशातून काढशील?”

आतून नवरा म्हणाला, “शिक्का आपोआप लागतो ना. तिच्या ध्यानात नाही आलं.” त्याला बाजू घ्यायची होती. पण त्याने वेळ चुकवली होती.

धाकट्याने टॉवेलने गाल पुसला. “तू मला कडेवर घेऊन फिरलीस तेव्हापासून असंच आहे,” तो म्हणाला. “माझं काहीही असू दे, पुढे तुझाच आवाज.” आणि गेला.

ताईने मग नवऱ्याला त्या एका गाण्यापुरता शिक्का थांबवायला लावला आणि कोरं गाणं साठ्यात घातलं. येईल त्याला सांगून सांगून ते नवं भरून द्यायला लागली. तर माणसं कार्ड घेऊन परत यायला लागली. “ताई, हे बिघडलेलं आहे. सुरुवातीला नुसता खडखडाट येतो. तुमचा आवाज गेलाय.” ती समजावून सांगायची, की अहो, हेच खरं, ते माझ्या आईचं मशीन आहे. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, “बरं, पण जुनं असेल तर तेच द्या.”

नेटवर तर आणखीच. कुणीतरी शिक्क्यासकट गाणं चढवलं होतं, मागे फुलांचे आणि सूर्यास्ताचे फोटो लावून. लाखो लोकांनी ऐकलं. ते बघून धाकट्याने आपलं खरं गाणं बँडच्या नावाने फुकट चढवलं. अखेर फुकटच. त्याच्याखाली पहिल्याच माणसाने लिहिलं, “खोटं आहे. खऱ्यात बाई बोलते.” आणि त्याच्याखाली इतरांनी, होय, होय.

आईला हे कुणीच सांगितलं नाही. पण तिला कान होते. दवाखान्यातून रिक्षाने आली आणि चप्पल काढता काढता ताईला म्हणाली, “वाजलं आज. पूर्ण ऐकलं. माझं मशीन कधी येतं गं त्यात?”

“सुरुवातीला येतं.”

“सुरुवातीला तू येतेस,” आई म्हणाली.

वर्षभराने एका आयोजकाने ‘गळका नळ’ला मोठ्या सभागृहात बोलावलं. बँडचं नाव त्याला धड माहीत नव्हतं. जाहिरातीत त्याने मोठ्या अक्षरांत गाण्याचं नाव घातलं. त्याचं म्हणणं होतं, त्या ताईंना स्टेजवर आणा, त्यांनी ती ओळ म्हणावी, पब्लिक वेडं होईल. धाकट्याने साफ नकार दिला. म्हणाला, दिवे घालवायचे, पूर्ण अंधार करायचा आणि मशीनचा आवाज भिंतीभिंतींतून सोडायचा. एकदा लोकांनी ते ऐकलं की आपोआप कळेल. ताईच्या कानावर हे ड्रमवाल्याकडून आलं. धाकटा तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं. आईचं औषध, विजेचं बिल. कार्यक्रमाचे दोन पास मात्र त्याने स्वतः आणून काउंटरवर ठेवले. ताईला तेवढ्यानेही भरून आलं. एकदा ते मशीन लोकांच्या कानात गेलं की तिचं देणं फिटलं, असं ती स्वतःला सांगत राहिली.

सभागृह खच्चून भरलं होतं. आई ठेवणीतले कपडे घालून आली होती, तेच. ताईने तिला पुढच्या रांगेत बसवलं, तिच्या मांडीवर पर्स ठेवली आणि स्वतः हात घट्ट गुंतवून बसली. पाच गाणी झाली. टाळ्या पडल्या, पण त्या पडायच्या म्हणून. लोक एकाच गाण्यासाठी आले होते. मग दिवे गेले. कुणी खाकरलं, कुणी चूप म्हणालं. आणि मशीन सुरू झालं.

खट खट खट खट. ताईच्या पायांना त्यांचं घर आठवलं, फरशीतून येणारी ती थरथर. आईने मान वर केली. तेवढ्यात मागून एकजण ओरडला, “कोपऱ्यावरचं दुकान!” आणि सगळं सभागृह, तळापासून बाल्कनीपर्यंत, एका सुरात, ताईच्याच हेलात, “गाणी मिळतील छाऽऽन!”

हशा, शिट्ट्या, टाळ्या. आणि पुन्हा तीच ओळ. मशीनचा दोरा कधी तुटला ते कुणाला कळलं नाही.

दिवा धाकट्यावर आला. तो माईकसमोर ताठ उभा होता, ओठ मिटून. ताईला वाटलं, आता हा निघून जाईल, लहानपणी जेवणाच्या ताटावरून उठायचा तसा. जा रे, ती मनात म्हणाली, जा निघून. पण लोक हात वर करून त्याच्याकडे बघत होते, आनंदाने, प्रेमाने, एवढी माणसं, जी त्याला कधी मिळाली नव्हती. धाकटा हसला. बाजारात उधारीवाल्याला बघून माणूस हसतो तसा हसला. मग त्याने माईक स्टँडवरून काढला आणि लोकांकडे धरला.

“काय म्हणालात?” तो ओरडला. “मागच्यांचा आवाज नाही आला!”

सगळे म्हणाले. आयोजक विंगेत नाचत होता.

आईने ताईच्या कानाशी तोंड नेलं. “झालं का माझं मशीन?”

“झालं.”

“बरं,” आई म्हणाली, आणि पर्स उघडून रुमाल शोधायला लागली. बराच वेळ शोधत राहिली. “तुझं दुकान छान चालतंय.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी एक गिऱ्हाईक उभं होतं. “ताई, कालचा सगळा कार्यक्रम रेकॉर्ड केलाय फोनवर. घ्या, तुमच्याकडे पाहिजेच.” त्याने मोठा उपकार केल्यासारखं कार्ड काढून दिलं. संध्याकाळपर्यंत बाजारातली दहा माणसं तेच मागायला आली.

ताईने ती फाइल साठ्यात घेण्याआधी नवऱ्याला हाक मारली. “अहो, शिक्का बंद करा. कायमचा.”

त्याने भिंग बाजूला ठेवून बंद केला. ती फाइल आत गेली, कोरी, जशीच्या तशी. मागायला आलेल्यातल्या पहिल्याचं कार्ड ताईने घेतलं, भरलं, लावून पाहिलं. खट खट खट, आणि मग अख्खं सभागृह. गिऱ्हाईक खूश होऊन तिच्याकडे बघत होतं. त्याची अपेक्षा होती, तिनेही म्हणावं.

“भरून झालं,” ताई म्हणाली आणि कार्ड त्याच्या हातावर ठेवलं.