हिरव्या पट्ट्याच्या गाडीतली झोप

बहारीनमध्ये रेल्वे नाही. तरी माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये नाश्त्याला रोज एका जपानी गाडीचा विषय निघतोच, कारण माझ्या इंजिनियर नवऱ्याला दुसरं काही सुचत नाही.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही तोक्योजवळ राहायचो. तिथली ही २०५ मालिकेची गाडी. स्टीलचं बिनरंगाचं अंग, खिडक्यांखाली हिरवा पट्टा, आत लांब बाकं. वजनाला हलकी म्हणून वीज कमी खाते, हे मी आता झोपेतही सांगेन. सातव्या महिन्यात मी हुशारी करून सहा दारांच्या डब्यात शिरले. बाकी डब्यांना चारच दारं, इथे सहा, म्हणजे लोक पटापट उतरणार आणि जागा नक्की! पण तो डबा सकाळच्या गर्दीसाठीच बनवलेला, सगळी बाकं दुमडून कुलूपबंद. मी पोट सांभाळत उभी, आणि हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतोय. असा राग आला होता!

आमची थोरली हॉस्पिटलातून घरी आली ती याच गाडीतून. मोटरचा तो चढत जाणारा सूर कानावर पडला की लगेच झोपायची. रडायला लागली की आम्ही दुपारच्या रिकाम्या गाडीत जाऊन बसायचो. ऊन बाकावरून सरकत राहायचं, स्टेशनं यायची नि जायची, कुठेच उतरावंसं वाटायचं नाही. चार महिन्यांची असताना तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. आम्हा तिघांचा एकच फोटो आहे. पहिल्या दिवशीचा, कोपऱ्यातल्या बाकावरचा, वर डब्याच्या नंबराची पाटी.

मग बहारीन, मग धाकटी. धाकटीला आम्ही यातलं काहीच सांगितलं नाही. थोरलीचं नाव घरात कोणी घेत नसे, मला ते सोसायचं नाही. नवरा फक्त फोटोतल्या त्या डब्याच्या मागावर असायचा. जपानमधून काढल्यावर तो बोटीनं जकार्ताला गेला, लाल-पिवळा झाला, नंबर मात्र तोच राहिला. आता तिथूनही या गाड्या काढताहेत हे कळल्यावर याचं जेवणावरचं लक्षच उडालं.

"मोडायच्या आत एकदा त्या डब्यात बसायचंय गं," म्हणाला. पण ऑफिसात लीव्ह मिळेना.

खालच्या मजल्यावरची इंडोनेशियन शेजारीण सुट्टीला घरी निघाली होती. तिचा भाऊ जकार्तात रोज याच गाड्यांनी कामाला जातो. मी तिला नंबर दिला. "इंशाल्ला," ती म्हणाली.

एका शुक्रवारी सकाळी तिचा व्हिडिओ आला. डबा सापडला होता! इंजिनियरला हवाय म्हणून बिचारीनं दारं, पंखे, धरायच्या कड्या, सगळं शूट केलं होतं. नवरा एकेक वस्तू ओळखून सांगत होता. मग कॅमेरा कोपऱ्याकडे वळला. तिथे एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर तान्हं बाळ गाढ झोपलं होतं. मागे तो सूर चढत होता.

माझ्या तोंडून थोरलीचं नाव निघालं. मोठ्यानं.

धाकटीनं मोबाइलमधून मान वर केली. "हू इज दॅट, आई?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"तुझी ताई," मी म्हणाले.